झोपून गाठलेली भरती

माझ्या उंचीवर हसू नका रं, याच उंचीनं एकदा फौजी अकॅडमीवर गोल चढवलाय! आमच्या कॉलेजची त्यांच्याशी फुटबॉल मॅच होती. त्यांची पोरं ताडमाड. मी त्यांच्या कोपराखालनं निसटलो आणि बॉल थेट जाळीत. त्यांच्या सुभेदारानं पाठीवर थाप मारली, "भरतीला ये. असली पोरं पाहिजेत."

झालं, डोक्यात फौज शिरली. घरी मापलं तर भरतीच्या उंचीला एक सेंटिमीटर कमी.

आमचा गोलकीपर सुऱ्या म्हणाला, "माणूस झोपून उठल्यावर उंच असतोय, उभं राहून दबतोय. तू उठूच नगंस. आम्ही नेतो की!"

भरतीच्या सकाळी पोरांनी मला गादीसकट टेम्पोत घातलं. राजारामपुरीत एका म्हातारीनं मयत समजून हात जोडले. मी गप पडून उंची सांभाळत होतो.

सुऱ्या पुढं जाऊन रांगेत माझा नंबर धरून उभा. गेटवर नेमका तोच सुभेदार. "हे काय आणलंय? दवाखान्यात न्या!"

मी ताडकन उठलो आणि मापाच्या खांबाकडं पळत सुटलो. रांगेतनं सुऱ्या बोंबलला, "पळू नगंस लेका, दबशील!"

एक सेंटिमीटर कमीच भरलो.

धरलेला नंबर वाया कशाला घालवायचा म्हणून सुऱ्या स्वतःच खांबाला लागला, आणि निवडला गेला! परवा हवालदार होऊन रिटायर झाला.

आणि मी? रविवारी कॉटवर पाय ताणून पडलो की बायको स्वयंपाकघरातनं विचारती, "अवो, भरती कवा हाय?"