हाताचा क्लच

नाय नाय, त्या दांडीला हात लावू नका, सुटी केलीय ती — तेच सांगतोय ना, ही दांडी गाडीबरोबर आलेली नाय, ही मी बसवली. क्लच पायानंच दाबायचा असतो, सगळ्या गाड्यांचा तसाच. पण ह्या मॉरिसचा हातानं चालायचा, पोलादपुरात सोडा, महाडातसुद्धा दुसरी सापडायची नाय अशी. तुम्ही मुंबईचे, जुन्या गाड्या जमवता, तुम्हाला सगळं पहिल्यासारखं पाहिजे — देतो की. तासाभराचं काम. पेडलापासून हा रॉड निघतो, त्या आडव्या शाफ्टला जातो, शाफ्ट फिरला की आतला काटा क्लच दाबतो. दांडी काढली, रॉड परत पेडलाला जोडला, संपलं. पण गाडी घेताय तर कुणाची होती ते विचारलं नाय तुम्ही. लोक विचारतात. बरं, तुम्ही नाय विचारलंत तरी सांगतो, हात चालू हायेत माझे, तोंड कशाला बंद ठेवू.

कुशाबाशेठची. लाकडाचा ठेकेदार, ह्या रानातलं अर्धं लाकूड त्याच्या हाताखालून गेलं असेल. उंच, गोरा, आवाज असा की गाडीच्या आधी ऐकू यायचा. इथं दारात गाडी उभी करायचा आणि चावी फेकायचा — हातात नाय द्यायचा, फेकायचा — मातीत पडली तर मी वाकून उचलायची. पंधरा वर्षं उचलली. वाईट वाटायचं का? नाय हो, मोठा माणूस, त्याची रीत. दर गुरुवारी आंबेनळीचा घाट चढून वर महाबळेश्वराला जायचा. काम काय? काम नव्हतं. वर त्याची बाई होती, रंगूबाई. अख्ख्या गावाला ठाऊक, बायकोलाही ठाऊक. गुरुवारी घरात त्याचं ताट वाढत नसत, एवढं उघड.

आणि मग साठ साली ट्रकवरनं ओंडका सुटला न् डावा पाय गेला. गुडघ्याखालनं कापला. क्लचचाच पाय. चार महिन्यांनी कुबड्या घेऊन इथं आला, बसला, आणि पहिल्यांदा मला गनीभाई म्हणाला. म्हणाला, हातानं दाबता येईल असा करून दे. महाडातल्या दोघा मिस्त्र्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. मी केला. उजव्या हातानं दांडी ओढायची, डाव्यानं गिअर टाकायचा, आणि तेवढा वेळ स्टिअरिंग पोटानं धरायचं. घाटात, हो. तुम्ही हसाल, पण जमवलं त्यानं, शाळेच्या पटांगणात महिनाभर गोल गोल फिरून. एसटीनं का नाय गेला? मीही विचारलं तेव्हा. म्हणाला, कुबड्या टेकत तिच्या दारात जायचं नाय मला. गाडीतनं जाणार, हॉर्न देणार, ती बाहेर येणार, तसंच. चिठ्ठी म्हणाल तर तिला वाचता येत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून निरोप हा माणूस धाडणार नाय.

तो पहिल्यांदा घाट चढायला निघणार त्याच्या आदल्या दिवशी बयाबाई आली. त्याची बायको. उभीच राहिली, बसली नाय. म्हणाली, "गनी, गाडी घाटाच्या पायथ्यापर्यंत चालू दे. पुढं नको." मी म्हटलं, बंदच पाडतो की. तर म्हणाली, "बंद नको पाडू. बंद पडली तर आशा सोडंल तो."

अशी बाई. वीस वर्षं गप्प राहिलेली.

काय कठीण होतं त्यात? काही नाय. हे बघा, रॉडच्या टोकाला हे आटे, त्यावर हा नट. क्लचला बोटभर ढील ठेवावी लागते. नट दोन फेरे जास्त आवळला की ढील जाते, क्लच पुरता धरत नाय. सपाटीवर कळत पण नाय. चढ लागला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाय, जळका वास सुटतो. पहिल्या वळणावरनं परत आला तो. घामानं भिजलेला. मी तपासल्यासारखं केलं, नट सैल केला, त्याच्या समोर चालवून दाखवली, आणि तो चहा पीत होता तेवढ्यात परत आवळला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. आठ-आठ दिवस इथं येऊन बसायचा, गनीभाई बघ रे जरा, गनीभाई तुझ्याशिवाय कोण हाय मला. चावी माझ्या हातात ठेवायचा, दोन्ही हातांनी. मजा वाटायची का? नाय. — वाटायची. थोडी वाटायची. खोटं कशाला बोलू, तुम्ही आता निघून जाणार.

तो पाना द्या जरा. तो नाय, लहान.

मग ती आली. रंगूबाई. एसटीनं, दुपारच्या. सहा महिने झाले होते माणूस दिसून. मोठं कुंकू, अंगावर शाल, हातात मधाची बाटली. सरळ माझ्याकडेच आली — का? तर म्हणाली, त्यांच्या तोंडी तुमचंच नाव असायचं, गनीसारखा मिस्त्री नाय म्हणायचे. मला कधी म्हणाला नव्हता. तिनं विचारलं, बरे हायेत ना, घर कुठं. घर दिसतं की इथून, ते आंब्याच्या मागं. बोट दाखवायचं फक्त. आणि मला वाटलं, आता ही जाणार, तो भेटणार, आणि मग त्याचं काय काम उरलं इथं? कशाला येऊन बसेल तो माझ्याकडे? मी म्हटलं, शेठ गेले. कधी, म्हणाली. मी म्हटलं, गेल्या अवसेला. बयाबाईनं सांगितलेलं नाय हे, तिला आजही ठाऊक नाय. हे माझं. रडली नाय ती. त्या नळाखाली हात ओला केला, कपाळ पुसलं, बाटली तिथंच ठेवली आणि परतीच्या गाडीला उभी राहिली. मध मी खाल्ला, हो. टाकून काय देणार?

दोन गुरुवारांनी शेठ हट्टाला पेटला. क्लच जळत होता तरी दाबून चढवत राहिला, पार तिसऱ्या वळणापर्यंत, आणि तिथून गाडी मागं घसरली न् कठड्याला टेकली. दिवसभर बसून होता, एसट्या जात होत्या शेजारून, कुणाला हाक नाय मारली. निरोप आला तसा मी ट्रक घेऊन गेलो. हात दांडीवरच होता. सोलवटलेला, रक्त सुकलेलं. मला म्हणाला, "तुझा दोष नाय रे गनी. माझ्याच हाताला जमत नाय." आणि मग खाली बघून विचारलं, "वरनं कोण आलं होतं का रे, माझी चौकशी करायला?"

तेव्हा सांगता आलं असतं. ट्रक होता माझ्याकडे, वर तोंड करून उभा. तासाभरात पोचवला असता.

मी म्हटलं, नाय शेठ, कुणी नाय.

मान हलवली त्यानं. पुढं इथं आला नाय. जेवण सोडलं म्हणतात, महिन्याभरात आटपला. बयाबाईनं गाडी माझ्या दारात ढकलून आणवली, अंगणात नको म्हणाली. ती रंगूबाई हाय अजून वर. त्याच्या नावानं दर वर्षी पान ठेवते — मी सांगितलेल्या अवसेला. त्या अवसेला तो इथं बसून माझ्याशी हसत होता.

असं काय बघताय? क्लच विचारला तुम्ही, क्लच झाला. दाबून बघा. मऊ लागतो ना? घ्या चावी. आणि परत जाताना महाबळेश्वर बघून जाणार म्हणत होतात — ते राहू द्या. सरळ महाडाचा रस्ता धरा. वर जाऊ नका, तिथं कुणाशी बोलू नका. निघा आता.