अप्पांच्या उजव्या पायाची परीक्षा

जावई : ...आणि मागच्या बाजूला तर सरळ छापलंय, अक्का! 'ताकद जास्त, पेट्रोल कमी, पिकअप असा की सीटला चिकटून बसाल.' एवढी मोठी कंपनी उगाच छापेल का?

अक्का : भावोजी, तो खोका आधी बाकावरून उचला, ग्रीस लागेल त्याला. आणि छापायला काय लागतं? माझ्या दारावरही पाटी आहे, 'गाडी सांगितलेल्या वेळेत मिळेल.' विचारा एखाद्या गिऱ्हाइकाला.

जावई : थट्टा नको हो. आज मी फार गंभीरपणे आलोय.

अक्का : ते दिसतंय. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये माणूस दोनच वेळा येतो. एक तर गाडी रस्त्यात बंद पडली म्हणून, नाहीतर काहीतरी गळ्यात मारायला.

जावई : मी उद्या ऑफिसात राजीनामा देतोय.

अक्का : काय?

जावई : एजन्सी घेतलीय मी या किटची. जाड लाल वायरी, मोठी कॉइल, चार प्लग, सगळं एका खोक्यात. गाडीतली जुनी ठिणगी काढायची, ही दणदणीत ठिणगी घालायची. आमच्या हॉलमध्ये आता सोफा दिसत नाही, इतकी खोकी आहेत. तुमची बहीण म्हणाली, 'अक्काने या किटला हो म्हटलं तर खुशाल नोकरी सोडा, मी चकार शब्द काढणार नाही.'

अक्का : व्वा! म्हणजे धाकटीने बंदूक माझ्या खांद्यावर ठेवली.

जावई : तुमच्यावर विश्वास आहे तिचा. माझाही आहे. पंधरा वर्षं एकाच टेबलावर तेच अर्ज इकडून तिकडे सरकवतोय मी, अक्का. पहिल्यांदा असं काहीतरी हातात आलंय की सकाळी उठावंसं वाटतं.

अक्का : ...बसा. तो स्टूल पुसून घ्या आधी.

अप्पा : अगं, बसा काय? हो म्हणून मोकळी हो! मी काय बाहेर उभा राहून ऐकत नव्हतो असं समजू नका दोघं.

अक्का : या, अप्पा, तुमचीच कमी होती. बघा भावोजी, तुमचे सासरे वकीलपत्र घेऊन आले.

अप्पा : घेणारच! पहिलं किट जावईबापूंनी मला दिलं. भेट म्हणून. स्वतः इथे येऊन, तुझ्या डोक्यावर उभं राहून बसवून घेतलं. तेव्हापासून गाडी काय पळते! मी आयुष्यभर बस चालवली आहे. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते माझ्या उजव्या पायाला कळतं.

अक्का : अप्पा, किट बसवताना तुमचे जुने प्लग मी काढले. टोकं झिजून पार गोल झाली होती. शेवटचे कधी बदलले होते?

अप्पा : बदलायचे असतात?

अक्का : ऐका, भावोजी. हे आपले माजी बसचालक.

अप्पा : बसचे प्लग बघायला डेपो होता!

अक्का : आणि बस डिझेलवर होती, तिला प्लगच नव्हते! भावोजी, मुद्दा एवढाच. झिजलेले प्लग काढून कुठलेही नवे घातले असते तरी गाडी अशीच सुधारली असती. ठिणगीचं काम फक्त पेटवायचं. गॅस काडीने पेटवा नाहीतर मशालीने, शेगडीची आच तेवढीच राहते.

जावई : पण मग लोक रेसच्या गाड्यांना का लावतात?

अक्का : त्यांना मोठी ठिणगी लागते. त्यांच्या इंजिनात दाब एवढा की साधी ठिणगी विझून जाते. तिथे हे खरंच कामाचं आहे, त्याबद्दल दुमत नाही. अप्पा बाजारात जाताना रेस लावत असतील तर सांगा.

अप्पा : मला ते शास्त्र नको. माझा पाय खोटं बोलत नाही.

अक्का : असं? मग घेऊया परीक्षा पायाची. समोर पाण्याच्या टाकीचा चढ आहे. दोनदा चढवा गाडी. दर वेळी आधी मी बॉनेट उघडणार, आत काय करायचं ते माझं मी करणार, तुम्हाला सांगणार नाही. वर जाऊन आलात की तुम्ही सांगा, आत किट आहे की गाडीची मूळची कॉइल आणि साधे नवे प्लग.

अप्पा : आत्ता लाव!

जावई : अक्का, आणि अप्पांनी बरोबर ओळखलं तर?

अक्का : तर तुमच्या किटची पाटी मी स्वतः दारावर लावीन. माझ्या नावाने. चला, दोघं आत ऑफिसात जाऊन बसा. आणि अप्पा, काचेतून डोकवायचं नाही.

अप्पा : मी काय लहान आहे?

अक्का : म्हणूनच सांगतेय. लहान मूल एकदा सांगितलं की ऐकतं.

(दोनदा पाने खणखणतात, दोनदा अप्पा जावयाला शेजारी बसवून गाडी चढावर नेऊन आणतात. गाडी दारात उभी, इंजिन अजून गरम.)

अप्पा : लिहून घे! पहिल्या खेपेला तू किट काढलं होतंस. बाई बाई, काय ती चाल! मेलेल्या म्हशीला ओढत नेतोय असं वाटलं. आणि आत्ता, दुसऱ्या खेपेला, परत बसवलंस. नुसता पाय ठेवला की उधळली! जावईबापू, तुम्हीही बघितलंत.

अक्का : भावोजी, तुमचं काय मत?

जावई : मला... मलाही वाटलं तसंच. पहिल्यांदा जरा जड.

अक्का : नक्की?

जावई : वाटलं खरं.

अक्का : वाटलं ना? मला दुसरं काहीतरी विचारायचंय. टाकीपाशी वळताना बघितलं मी, तुमच्या हातात मोबाइल होता. फोटो काढत होतात का?

जावई : नाही.

अक्का : मग?

अप्पा : अहो, सांगा की. काय लपवायचंय त्यात!

जावई : वेळ मोजत होतो. खालच्या खांबापासून वरच्या टाकीपर्यंत. म्हटलं, आकडा असला की गिऱ्हाइकाला दाखवता येईल.

अक्का : आणि?

जावई : दोन्ही वेळेला सारखीच आली, अक्का. तुम्ही विचारलं नसतं तर बहुतेक बोललो नसतो.

अप्पा : शक्यच नाही! मोबाइल बिघडलाय!

अक्का : मोबाइल ठीक आहे, अप्पा. पहिल्या खेपेला मी नुसते पाने वाजवले. काही काढलं नाही, काही घातलं नाही. तुमची मेलेली म्हैस किटवरच चालत होती.

अप्पा : ...आणि दुसऱ्या खेपेला?

अक्का : किट काढून टाकलं. ते बघा, बाकावर पडलंय. लाल वायरींसकट. उधळली ती साध्या प्लगवर.

अप्पा : हा काय चावटपणा!

अक्का : हसताय कशाला, भावोजी? उद्या राजीनामा तुम्ही देणार आहात.

जावई : नाही, अप्पांचा चेहरा बघून... माफ करा, अप्पा. आवरत नाहीये.

अप्पा : हसा, हसा. सासरा म्हातारा झाला की हेच व्हायचं. अगं, थांब, मलाच हसू येतंय आता. मेलेली म्हैस! स्वतःच्या तोंडाने म्हणालो!

अक्का : पाणी घ्या, अप्पा. ठसका लागेल.

जावई : पण अक्का, एक बोलू? अप्पा खूश होते ना? इतके दिवस ते चौकात चार लोकांना माझ्या किटचं सांगत होते. असे किती अप्पा असतील! मी कुणाला खोटं सांगणारच नाही. ते आपणहूनच म्हणतील, गाडी उडतेय. धंदा चालेल हा.

अक्का : चालेल. तुफान चालेल. चालणार नाही असं मी म्हटलंच नाही.

जावई : मग?

अक्का : मग काही नाही. मी धाकटीला काय सांगायचं तेवढं सांगा. 'किट खरं आहे' म्हणून सांगू, की 'किट खपेल' म्हणून?

जावई : ...तुमचं हे फार वाईट आहे हो. रागावत नाही, ओरडत नाही, नुसतं विचारता.

अप्पा : हिची आई अशीच होती. मी घरात खोटं बोलायचं सोडलं ते त्या त्रासाने.

जावई : थांबा. फोन वाजतोय. आई गं, तेच आहेत.

अक्का : कोण ते?

जावई : टॅक्सीवाले. तीन टॅक्सी आहेत त्यांच्या. तिन्हींना किट घ्यायचंय. माझं पहिलं खरं गिऱ्हाईक.

अक्का : घ्या की मग. आम्ही काही ऐकत नाही.

अप्पा : मी ऐकतोय.

जावई : हॅलो! नमस्कार, नमस्कार. हो, किट तयार आहे... हो, तिन्ही... साहेब, एक विचारू का? तुमचे आत्ताचे प्लग कधी बदललेत?... आठवत नाही? बरं... नाही, म्हणजे असं आहे... ऐका माझं. आधी साधे प्लग बदला. कंपनीचेच, गाडीबरोबर येतात तसले. एअर फिल्टरही बघून घ्या. निम्म्याहून जास्त फरक... नाही, सगळाच फरक तेवढ्यातच पडेल... हो, किट माझंच आहे. मीच विकतो... अहो, वेडा नाही झालो. माझ्या मेव्हणीचं गॅरेज आहे, तिथे आणा गाड्या, पाण्याच्या टाकीखाली. माझं नाव सांगा... ठेवतो.

अप्पा : गेलं गिऱ्हाईक.

अक्का : गेलं कुठे? माझ्याकडे यायला निघालं. भावोजी, अहो, बसा.

जावई : बसतो. पण अक्का, विचित्र आहे बघा. ते आधी चिडले आणि शेवटी म्हणाले, 'तुमच्यासारखा माणूस काउंटरला असेल तर मी येईन.' मी काउंटरला नाही, हे सांगायचं राहिलंच.

अक्का : सांगू नका. शनिवार-रविवार इथे बसा. मला हात काळे झालेले असताना फोन उचलता येत नाही, आणि उचलला तर लोक घाबरतात. तुम्ही गोड बोलता. बोलायला काहीतरी खरं असलं की तुम्ही फारच छान बोलता, हे मला आत्ता कळलं. नोकरी ठेवा. इथे जमलं, मन रमलं, तर राजीनाम्याचं पुढच्या वर्षी बघू.

जावई : धाकटी काय म्हणेल?

अक्का : तुम्ही चढावर होतात तेव्हा तिचा मेसेज आला, 'नाही म्हणायची वेळ आली तर त्याला रिकाम्या हाताने पाठवू नकोस.' ती तुमच्या बाजूनेच आहे, भावोजी. सोफा परत दिसला तर आणखीच असेल.

जावई : न उघडलेली खोकी कंपनी परत घेते. सोमवारी पाठवतो. राहता राहिलं हे उघडलेलं एक. अप्पांचं. हे भंगारातच जाणार.

अप्पा : भंगारात का? बसव ते परत माझ्या गाडीला.

अक्का : अप्पा! आत्ता दोनदा चढ चढून झाला, हसून झालं, सगळं झालं! काहीही फरक पडत नाही त्याने.

अप्पा : इंजिनाला पडत नसेल. मला जावयाने दिलंय ते.