केरबांचा जुना ट्रॅक्टर

१९७४ साली सांगलीच्या एसटी स्टँडवर मी पलूसच्या गाडीच्या रांगेत होतो. पुढं केरबा नावाचे शेतकरी आणि त्यांना जुना ट्रॅक्टर दाखवून आणलेले शमशेर मिस्त्री.

“इंजिन झकास हाय अण्णा. चार एकराला लय झाला.”

“व्हय. पर आमचा सर्जा बांध आला की न सांगता वळायचा. तसा बैल पुन्यांदा न्हाई.”

“त्याला जाऊन वरीस झालं. दुसरा बघा की मग.”

“त्याच्या दाव्याला दुसरा बांधवत न्हाई, शमशेरभाई.”

“मग औंदा तण काढायला कोळपणी कशी केली, बैलाबिगर?”

“कारभारणीनं वढलं कोळपं. मी मागनं दाबत हुतो.”

“वैनींनी?”

“खांद्यावरचा वळ अजून गेला न्हाई तिच्या. उद्याच आणू ट्रॅक्टर. पयल्यांदा तिलाच वर बसवायची हाय.”