बेटावर हवापालट

न्हाय न्हाय, तसं नगा समजू व्यंकटराव, तुमची जीप वाईट हाय असं म्या म्हणतच न्हाय — रंग गेलाय, वरलं कापड फाटलंय, ते जाऊ द्या, लष्करातनं आलेली गाडी हाय म्हणता, म्हंजे लढाईबिढाई बघितली असंल तिनं — म्या इचारतोय ते येवढंच, की चारी चाकं खरंच ओढतेत का? का दोन ओढतेत आन् दोन नुसती संगं फिरतेत? आमच्या सोसायटीत अकरा संचालक हायेत, ओढणारा म्या येकला, बाकीचे चहाला. म्हणून इचारलं. आन् तो दुसरा दांडा कशाचा? हां — तो टाकला की पुढची चाकं बी जोर लावतेत. ब्येस. आमच्याकडं असला दांडा न्हाय. आन् मागं हुक हाय का? जाड साखळी अडकवायला? कशाला ते सांगतो की, घाई काय हाय, आधी चिखलाचं बोलू.

कुठं जायचंय म्हणजे — बेटावर. हसा, हसून घ्या. उमरग्यात बसून बेट म्हणलं की समदे हसतेत. मघा त्या ट्रकवाल्यानं बी हसून घेतलं, म्या चहा तसाच ठेवून उठलो. अवो, आमच्या तलावातलं बेट. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन खाऊन आमच्या गावानं बांध घातला, आन् बांधाच्या आत करडवाडी आली. पंचवीस घरं. माणसं आधीच उठवून वर आणून बसवली, तसलं काय झालं न्हाय, पर घरं गेली पाण्याखाली — फकस्त वाडीचा माळ तेवढा वर ऱ्हायला. मरीआईचं देऊळ, येक जुना लिंब आन् दोन-चार पडक्या भिंती. चहूकडनं पाणी, मधी माळ, त्याला बेट न्हाय म्हणायचं तर काय? आता पाणी न्हाय हे खरं हाय. तीन साल पावसानं तोंड दावलं न्हाय, श्रावण बी लागला, कडंच्या गाळाला हात-हात भेगा पडल्यात आन् मधी येक पट्टा गुडघाभर चिखलाचा. पर पाणी आटलं म्हणून बेटाचं नाव कुणी काढून घेत न्हाय. सोसायटीची बोट चिखलात रुतली म्हणून मला चेअरमन म्हणायचं सोडलंय का कुणी?

कोणती सोसायटी? मत्स्य. — मासे. व्हय, मासेमारी सहकारी सोसायटी. आता तुमी माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं बघायलाव, बघा, समदे बघतेत. पंचाहत्तरला तलाव भरला, साहेब आले, म्हणले सोसायटी काढा, योजना वाया चाललीय. मासे धरणारा गावात येकबी न्हाय. तरी काढली. चेअरमन म्या, गुरुलिंग. सेक्रेटरी बसप्पा, त्याच्या घरात तर कांदा बी चालत न्हाय. सरकारनं बोट दिली, निळी, नवीकोरी. माशांची पिल्लं दिली, ती सोडली. आन् मग आमी दर सोमवारी बांधावर उभं ऱ्हाऊन त्यास्नी पीठ टाकायचो. अकरा सालात येक मासा धरला न्हाय. लई मोठाले झालते वो, ओळखायला यायचे. यंदा पाणी आटलं तवा दुसऱ्या गावचे लोक टोपल्या घिऊन आले आन् घिऊन गेले. म्या त्या दिवशी घरातनं भायर पडलो न्हाय. बसप्पा आजून सोमवारी पीठ घिऊन बांधावर जातो आन् तसाच माघारी येतो.

तर बेटावर कशाला — हवापालट करायला. खोटं न्हाय, तुमच्याच गावच्या डॉक्टरानं सांगितलंय. आमची मंडळी, इरम्मा, साल झालं नीट जेवंना, बोलंना, अंग दुखतंय म्हणती. डॉक्टरानं नाडी बघितली, डोळं बघितलं, म्हणला, चेअरमन, बाईंस्नी आजार काय बी न्हाय, कुठं तरी चार दिवस न्या, हवापालट पायजे. आता डॉक्टरासमोर आपुन काय कमी पडायचं का? म्या म्हणलं, इरम्मा, तू म्हणशील तिथं नेतो, काश्मीर म्हण. मला वाटलं तुळजापूर म्हणंल. लई तर गाणगापूर. तर ती खाली बघून म्हणली, बेटावर न्या. डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. त्येला काय माहीत बेट कुठलं! त्येला वाटलं आमी लई मोठी माणसं हाव.

तिचं माहेर हाय ना ते. करडवाडी. सांगितलं न्हाय का मघा? ऱ्हायलं असंल.

बसायला किती म्हणता? लिवून घ्या — जाताना येक, येताना दोन. व्हय, बरोबर लिवलंय, जाताना येक. म्या. ती — ती हाय तिथंच. आधीच गेलीय. नागपंचमीला. आज सहावा दिवस. सकाळी उठलो तर चूल बंद, शेळी न्हाय, वाकळ न्हाय, पाण्याची घागर न्हाय, आन् खुंटीवरला नाडा, मोटंचा दोर, त्यो बी न्हाय. बांधावर जाऊन बघितलं तर लिंबाला झोका बांधलेला. पन्नाशीची बाई, व्यंकटराव! नातवंडं हायेत लातूरला! आन् झोका घेतीय, लुगडं सोडून देतीय वाऱ्यावर, आन् अख्खं गाव बांधावर बसून बघतंय. बाया तर रोज जातेत. भाकरी नेतेत, पाणी नेतेत, तासभर झोका खेळून गाणी म्हणून माघारी. आमच्या शेजारची सरुबाई, सत्तरीची, दिसत न्हाय नीट, काठी टेकत टेकत ती बी दिवसातनं दोनदा जाऊन येती.

हां? कशी म्हणजे — पायी. चालत. आता चालत गेल्यावर पायवाट पडलीच की तिथं. चिखलाच्या पट्ट्यात बायांनी दगडं टाकलेत.

मग जीप कशाला! तुमी बी असं इचारताव? तुमी धंदा करायला बसलाव का मला शिकवायला? अवो, म्या चेअरमन हाय. धोतर वर धरून, दगडावरनं उड्या मारत, समद्या गावासमोर बायकोच्या मागं जायचं का? पहिल्याच दिवशी बांधावर म्या वरडून सांगितलं, खाली ये! तर ती झोक्यावरनंच म्हणली, ना बरंगिल्ला — येत न्हाय जा. रागात आली की कानडी बोलती. आन् मग माझ्याबी तोंडातनं निघून गेलं, चारचौघांत, की म्या काय पायी येणार न्हाय. आता चेअरमननं चारचौघांत बोललेलं परत घेता येतं का? न्हाय ना? मग.

आन् हुकाचं म्हणाल तर — बोट ओढायचीय. हसू नगा व्यंकटराव, आता मातर हसू नगा, म्या हात जोडतो. बोट जीपला बांधायची, चिखलातनं बेटापत्तर न्यायची, तिला बोटीत बसवायचं आन् वढत माघारी आणायचं. का म्हणजे, त्याचं असं हाय... पाणी होतं तवा दर पंचमीला ती म्हणायची, अवो, तुमच्या बोटीतनं मला येकदा माळावर सोडा, झोका बांधते, सांजच्याला येते. अकरा पंचम्या. आन् म्या अकरा येळा सांगितलं, बोटीत फकस्त सभासद बसतो, पोटनियम हाय. पोटनियम कुणी केला? म्याच केला. बोट मासेमारीसाठी हाय म्हणलं, माहेरपणासाठी न्हाय. तोंड बघायला पायजे होतं तिचं. भांडली असती तर बरं झालं असतं.

म्या? म्या बसलोय की बोटीत. उद्घाटनाला. येकदा. हार घालून. — खरं सांगू का? कुणाला बोलणार न्हाय ना? काठापासनं दहा हात गेलो आन् म्या बोटीची कड दोन्ही हातांनी धरून खाली बसलो. खाली बघितलं तर पाणी काळं, आन् त्याच्या खाली सासऱ्याचं घर. माझं लगीन झालतं त्या अंगणात. फोटो काढला आन् म्हणलं, फिरवा माघारी. त्याच्यानंतर बोटीला पाय लावला न्हाय. मला पाण्याचं भ्याव हाय, व्यंकटराव. आन् माशांच्या सोसायटीच्या चेअरमनला पाण्याचं भ्याव हाय असं बायकोला सांगायचं कसं? पोटनियम सांगणं सोपं पडलं. येक गडी देऊन पाठवता आलं असतं तिला, खरं हाय. मग गावानं इचारलं असतं, चेअरमन का न्हाय गेले? अकरा साल. ह्या हातानं म्या तिचं माहेर बंद केलं, पाण्यानं न्हाय.

तर परवा सरुबाईनं निरोप आणला. इरम्मा म्हणली म्हणं, आता तरी बोटीत बसू देतेत का इचार त्यास्नी. म्या म्हणलं, अस्सं! म्हंजे बोटीवरच आडलंय. लगोलग सभा बोलावली. अकराच्या अकरा हजर, बसप्पानं इतिवृत्त लिवलं — ही बघा नक्कल, शिक्का हाय — ‘ठराव क्रमांक तीन. बेटावर मुक्कामी असलेल्या श्रीमती इरम्मा भ्रतार गुरुलिंग यांना सोसायटीच्या बोटीत बसण्यास परवानगी देण्यात यावी. सूचक चेअरमन. ठराव सर्वानुमते मंजूर.’ टाळ्या बी वाजल्या. सरुबाईच्या हातानं धाडून दिला. तासाभरात कागद माघारी आला. निरोप काय? मला वाचता येत न्हाय, त्यांनी यावं आन् वाचून दावावं.

मग म्या ठरवलं, झालं, जायचं तर नीट जायचं. जीप पुढं, बोट मागं, बोटीत म्या उभा, हातात ठराव. गाव काय म्हणंल मग? बोलंल का कुणी चेअरमन हारला म्हणून? हार बी सांगून ठेवलाय. तवा तुमी फकस्त सांगा, तो दांडा टाकल्यावर गुडघाभर चिखलातनं बोट आन् म्या दोन्ही निघताव का —

काय म्हणलात?

न्हाय. बोट आणा असं ती म्हणली न्हाय. बसू देतेत का, येवढंच म्हणली... आता तुमी म्हणता तसं बी असंल, टोमणा असंल. म्या तसा इचार केला न्हाय. आपल्याकडं परवानगी मागितली की ठराव करतेत. आन् नंतर बी ती... ‘त्यांनी यावं’ म्हणली. आन् ‘वाचून दावावं’. व्हय. ‘यावं’ आधी म्हणली.

सहा दिवस झाले, व्यंकटराव. घरात घागर पालथी पडलीय. म्या बांधावर जातो, लांबनं झोका बघतो. काल सांजच्याला झोका हलत नव्हता, तर माझा जीव असा झाला की काय सांगू. मग शेळी वरडली, तवा कळलं हाय ती. तोंड माझ्याकडंच होतं वाटतं तिचं. लांबनं कळत न्हाय.

ती कुठली यष्टी आली? आमच्याच गावची की! हात करा, हात करा तिला, तुमी रस्त्याच्या कडंला हाव — न्हाय, जीप ऱ्हाऊ द्या. पुसू नगा ती, ऱ्हाऊ द्या म्हणलं ना. हुक बी काढून ठेवा. हारवाल्याला मातर सांगा, चेअरमन नेणार न्हायत. आन् ह्या चपला इथं बाकड्याखाली ठिवतो, चिखलात काय कामाच्या, उलट घसरायचं. बघंनात का गाव. कागद खिशात हाय न्हवं? हाय.

आभाळाकडं काय बघायलाव? आज येतोय म्हणता? येऊ द्या की. आला, तलाव भरला, तर ऱ्हाईन तिकडंच, पोहता येत न्हाय मला. सरका बाजूला — अय कंडक्टर, थांब!