पाळण्याची कडी

रंगराव सुतार : करवतीले धार लावूनच आणली, उकंडराव. सांगा, नाव कोठून कापू? पुढून का मागून?

उकंडराव : थांब बे रंगराव! वारा सुटू दे. एक डाव पाहतो.

झुंबरबाई : काय पाहता? पोळ्याले साऱ्या गावानं पाह्यलं ना. शीड फुगलं, काठी वाकली, अन् माहा हा नवरा तलावात भोवऱ्यावानी गरगर. पागोटं गेलं थे गेलंच. तवा तुमीच म्हटलं, येत्या शनिवारी समोरच्या काठाले नाही नेली त हिची गव्हाण करा. आज शनिवार हाये. म्हैस भुईवरचा कडबा तुडवून राह्यली.

उकंडराव : झुंबरे, इंजिनेर साहेबाची बदली जबलपूरले झाली, तवा साऱ्या नौकराइले कपडे भेटले अन् मले ही नाव. बारा वर्सं साहेबाच्या हाताखाली म्या हिचं शीड बांधलं. हिच्यात कडबा टाकशीन त माहा जीव तुटन वं.

झुंबरबाई : मंग नीट चालवा. साहेबाच्या हातानं कशी सुतासारखी चाले?

उकंडराव : काठीले मागून ताणाले त्याच्याजवळ तार होती, पेच फिरवून आवळाची. गंजून तुटली. म्या डोणगावच्या बाजारातून अंबाडीचा दोर आणला, काठीच्या शेंड्यापासून थेट मागच्या फळीले बांधला. ढिला ठेवला त वारा वाढला की काठी पुढं वाकते. आवळला त हलक्या वाऱ्यात नाव मेल्यावानी पडते. अन् बरोबर मधात असल्यानं सुकाणूचा दांडा त्यालेच अडते. म्हून त गरगर!

रंगराव : म्हंजे वारा पाहून दोर चढवाले-उतरवाले पायजे. गाठ बांधून थे होत नाही, दादा.

झुंबरबाई : चढवाले-उतरवाले? अवो, माह्या बापानं जलमभर दुसरं काय केलं? भजनात ढोलक उतरलं त तो काय गाठी सोडत बसे? दोन दोऱ्या, त्याइच्यावर एक कडी. कडी सरकवली की दोऱ्या जवळ येतात, चामडं ताणते.

उकंडराव : पण हा त एकच दोर हाये.

झुंबरबाई : अर्ध्यातून खाली दोन करा. एक डाव्या कोपऱ्याले, एक उजव्याले. मधात सुकाणूले रान मोकळं. दोन्हीइवर वरून कडी घाला, कडीले बारीक दोरी. खाली ओढली की चढलं. सोडली की कडी आपसूक वर जाईन.

उकंडराव : रंग्या, हे साहेबाले काऊन नाही सुचलं बे?

रंगराव : त्याच्या सासऱ्यानं ढोलक नसन वाजवलं.

उकंडराव : पण एवढी मोठी कडी?

झुंबरबाई : पाळण्याची काढा. नातू आता झाडावर चढते.

(दोन घटकांनी. नाव पाण्यात, रंगराव काठावर.)

उकंडराव : माहा एक हात सुकाणूवर, एक शिडाच्या दोरीवर. कडी कोण ओढन? ये, बस.

झुंबरबाई : मी? वर्स झालं नाव घरी येऊन. कधी म्हटलं नाही, बस म्हून.

उकंडराव : भेव वाटे. सारं गाव हासलं त हासलं. तुह्यासमोर, तुले घेऊन गरगर फिरलो असतो त?

झुंबरबाई : सरका तिकडं.

उकंडराव : आला! वारा आला! ओढ, झुंबरे, ओढ!

झुंबरबाई : ओरडू नोका. ऐकू द्या. दोर गुणगुणून राह्यला... आणखीन जरासक... हां.

उकंडराव : काठी सरळ झाली! अवं, पाणी कापून राह्यली ना नाव! पाहून राह्यली का तू?

झुंबरबाई : डोळ्यात पाणी उडालं माह्या. पण दिसून राह्यलं. लय गोड दिसून राह्यलं.

रंगराव : लागली! समोरच्या काठाले लागली! ओ वहिनीऽ, गव्हाणीचं काय करू?

झुंबरबाई : बाभळीची कर!

उकंडराव : खाली उतरतं का तू?

झुंबरबाई : कायले? फिरवा. आता वारा सामोरून हाये, सूर पुन्हा लावा लागन.