आम्ही कोणाचं काही सांगत नाही

—नाही, मिस्टर हॉलिस्टर, नवरा असलात तरी नाही. बायकोच्या कार्डावर कुठली पुस्तकं आहेत ते ग्रंथालय नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही, आणि पाद्रीबाबांना तर नाहीच नाही. राज्याचा कायदा आहे, माझा हट्ट नाही—बरं, थोडा माझाही आहे. गेल्या हिवाळ्यात शेरीफचा माणूस आला होता, कमरेला पिस्तूल लावून. न्यायाधीशाचा कागद आणलात का, विचारलं. नव्हता. कॉफी पाजली आणि वाटेला लावला. तुमच्या कमरेला तर नुसती मोजपट्टी दिसतेय.

काय म्हणता? ट्विला माहेरी गेलीय, पुस्तकं घरात राहिलीत, नावं कळली तर शोधून आणून द्याल? अहाहा. सव्वीस वर्षं या टेबलामागे बसतेय, बायकोची पुस्तकं एवढ्या मायेने परत करायला निघालेला नवरा आज पहिल्यांदा बघितला. आणि माहेर कुठलं हो? तिची आई आपल्याच चर्चमागे पुरलीय, मी होते की तेव्हा. तीन आठवडे झाले ना तिला जाऊन? एप्रिलमध्ये ती काळा चष्मा लावून आली होती—इथे आत, या दिव्यांखाली. मी काही विचारलं नाही. आम्ही विचारत नाही. पुस्तकं दिली, पिशवी हातात दिली, आणि घरी जाऊन स्वतःला शिव्या घातल्या.

पूर्वी बरं होतं तुमच्यासारख्यांचं. पुस्तकाच्या मागे खिसा, खिशात कार्ड, कार्डावर नावं—घटस्फोटाचं पुस्तक कोण नेतंय ते अख्ख्या गावाला कळायचं. आता ही चिप. टपालाच्या तिकिटाएवढी, आतून चिकटवलेली. विकायला आलेला कोटवाला म्हणाला, बाई, हिला फक्त नंबर माहीत असतो. आणि लगेच एक बंद पिशवी टेबलावर ठेवून आतली चारही पुस्तकं पडद्यावर दाखवली. विश्वस्तांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, पिशवी न उघडता तुम्ही वाचता, मग उद्या बसथांब्यावर दुसरा कोणी नाही वाचणार? हसले सगळे. मग मी अट घातली—पुस्तक परत आलं की वाचकाच्या नावापुढचं सगळं पुसायचं, त्याच मिनिटाला. ऐकलं त्यांनी. कायद्यापेक्षा माझ्या आवाजाला जास्त भितात.

तेव्हा उगाच पलंगाखाली शोधत बसू नका. तिच्या नावावर एकही पुस्तक नाही. यंत्रं आता जिल्हाभर जोडलेली आहेत—सोमवारी सकाळी तिने वॉटर्ली गावच्या शाखेतल्या परतीच्या पेटीत पुस्तकं टाकली, पेटीने चिपा वाचल्या, आणि इथे माझ्या पडद्यावर तिचं खातं आपोआप रिकामं झालं. कुठली पुस्तकं होती ते आता मलाही दिसत नाही, शेरीफ आला तरी दिसणार नाही. याला म्हणतात गुप्तता. कळलं?

आभार? आभार कसले मानताय? नाव एकाही पुस्तकाचं सांगितलं नाही मी तुम्हाला, एक अक्षर सांगितलं नाही—टोपी कशाला घालताय? बसा ना, मिस्टर हॉलिस्टर. मी कॉफी करते, ताजी करते. अहो, बसा जरा. वॉटर्ली म्हणाले का मी? मी वॉटर्ली—