शेवंताने चोरलेले केस

मंडळी, ऐका! पुढे सरका, मागच्या बायकांना जागा द्या. आज एकच विचारतो — माणसाकडे सगळ्यात बारकाईनं कोण बघतं? आई? बघते हो, पण तिच्यामागे शंभर कामं! नवरा? — अहो, हसता कशाला, मी अजून काही बोललोसुद्धा नाही! ऐका, आणि उत्तर तुमचं तुम्हीच काढा.

एक घर. त्यात दोन चुलत बहिणी, मथुरा आणि शेवंता. एकाच वर्षी जन्मलेल्या, एकाच फणीनं विंचरणाऱ्या! तेराव्या वर्षापर्यंत सगळं सारखं. मग देह बदलायला लागला — तो काय कुणाला विचारून बदलतो? मथुरा शहाणी झाली, पाळी सुरू झाली. उंच झाली, वेणी कमरेखाली गेली, मनगटाएवढी जाड! आणि शेवंता? होती तेवढीच. उंदराच्या शेपटीसारखी वेणी, वर गालभर पुरळ!

मथुराची आई, म्हणजे शेवंताची काकू, समजवायची, "अगं, तुझंही होईल. ज्याचा देह त्याच्या वेळेनं चालतो." खरंच होतं! पण आरशापुढे उभं राहिलं की पटतं का? — माझ्या फेट्याकडे बघू नका, आत काय उरलंय ते माझं मला ठाऊक!

जळायची हो शेवंता! मथुरा वेणी घालायला बसली की हिच्या पोटात दुखायला लागायचं.

त्या गावात केसांवर भांडी देणारी बाई यायची. विंचरताना गळलेले केस साठवायचे, बाईला द्यायचे, बदल्यात भांडं! दोघींची दोन गाठोडी कोनाड्यात. एकदा बाई आली — मथुराला मिळाला डबा, शेवंताला चमचा! झालं! "गळलेल्या केसांतही हीच पुढे!" बघा, हेवा कुठवर गेला! टाकलेल्या केसांवर!

मग हिनं काय केलं? मथुरा विंचरून उठली, की ही म्हणायची, "ठेव गं, फणी मी साफ करते." आणि मथुराचे केस आपल्या गाठोड्यात! मूठ मूठ निघायचे. ही दात खात म्हणायची, "किती माजलेत! गळूनसुद्धा संपत नाहीत!" काकू कोनाड्यात बघायची — लेकीचं गाठोडं होतं तेवढंच. ती निर्धास्त!

आली नागपंचमी. मथुरा फुगडीला उभी राहिली, एक गिरकी घेतली — आणि कोसळली! ओठ पांढरेफटक!

गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली. "महिन्याला फार जातं का गं?" मथुरानं लाजून डोळे मिटून घेतले. "केस गळतात?"

काकूच बोलली, "छे हो! गाठोडं बघते ना मी. वाढलेलंच नाही!"

शेवंता दारात उभी. बोलावं तर चोरी उघडी पडते. न बोलावं, तर — मथीचं काय? पळत घरी गेली, गाठोडं आणून काकूच्या ओटीत टाकलं. "हे सगळे मथीचे आहेत. मी चोरत होते!"

काकूनं ते सोडलं — मांडीभर केस! डॉक्टरीण म्हणाली, "अंग वाढतंय, रक्त जातंय, भरून काही निघत नाही. हे आजचं नाही. मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ता!"

नेलं. रक्त चढवलं. वाचली हो पोरगी! उशाशी शेवंता रडत बसलेली. मथुरा शिव्या देईल, तोंड फिरवेल असं तिला वाटलं. मथुरा हळूच म्हणाली, "मला जिना चढताना धाप लागायची, सांगायची लाज वाटायची. पण तू रोज माझी फणी साफ करायचीस ना? मला वाटलं, शेवंतीला कळलं असेल."

कळलं असेल! मंडळी, एकेक केस पाहिला हो त्या पोरीनं! मथुराचं तोंड तेवढं पाहिलं नाही!

आता माझ्याकडे नाही, स्वतःकडे बघा. जावेची साडी किती वेळा बघितली? भावाची गाडी? बघताय तर खरे, आईपेक्षा बारीक बघताय! मग आज इथून उठलात की आधी त्या जावेच्या, त्या भावाच्या दारात जा. कीर्तनाचा प्रसाद नंतर घ्या. हात धरा आणि विचारा, "बरी आहेस ना गं? बरा आहेस ना रे?"

जाताना पाया माझ्या पडू नका. देव त्या दारात उभा आहे.